यजमानांचा चातुर्मास

खोली भाड्याने देताना गुरुजींनी मला एकच अट घातली होती. या घरात अंडं येणार नाही. बाहेर काय वाटेल ते खा, येताना चूळ भरून ये, पण अंडं उंबऱ्याच्या आत नको. मी म्हटलं, बरं. पंचवटीत एकट्या मुलीला खोली मिळत होती, अंबडच्या एमआयडीसीत जाणारी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबत होती. अंड्यावरून कोण वाद घालत बसेल?

त्याच आठवड्यात एकदा मी कामावरून आले तर गुरुजी जिन्याखाली उभे. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "उद्या येताना सहा अंडी आणशील का? गावठी मिळाली तर बघ. कापडी पिशवीत आण, आणि मागच्या दाराने ये."

मला वाटलं, म्हातारा चोरून आम्लेट खातो. आमच्या लासलगावच्या गल्लीतही असे दोघे होते, त्यामुळे मला काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी अंडी घेऊन मागच्या दारी गेले तर गुरुजींनी पिशवीला हातसुद्धा लावला नाही. मलाच पुढे घातलं आणि एका बंद खोलीपाशी नेलं. दाराची कडी काढली, दार वीतभर उघडलं, फटीत पाऊल आडवं घातलं आणि आडव्या अंगाने आत सरकले. मीही तसंच सरकावं अशी खूण केली. आत गेल्यावर कोपऱ्यातला एक चिमटा घेतला, मुठीला लाल दोरा गुंडाळलेला, म्हणजे स्वयंपाकघरातल्या चिमट्याशी गल्लत व्हायला नको. त्या चिमट्याने एक अंडं उचलून स्टीलच्या ताटलीत ठेवलं आणि अदबीने म्हणाले, "अहो, ऐकलंत का? पानं वाढलीत."

कॉटखालून एक घोरपड बाहेर आली. शेपटीसकट चार फुटांच्या आसपास असेल. पुढचा डावा पाय जरा फेंगडा टाकत, जीभ आतबाहेर करत ती ताटलीपाशी आली, अंडं तोंडात धरलं, मान वर केली आणि गिळून टाकलं. मी दाराला पाठ लावून उभी होते.

"हे आमचे यजमान," गुरुजी म्हणाले.

ज्याच्यासाठी आपण राबतो तो यजमान, असं गुरुजींचं साधं गणित होतं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करणारं. बाहेरगावचे लोक यायचे, खालच्या खोल्यांत उतरायचे, रामकुंडावर विधी करून जायचे. त्या सगळ्यांना ते यजमान म्हणत, पण पाठ फिरली की नावानिशी उल्लेख. घोरपडीला मात्र तोंडावर आणि पाठीमागे दोन्हीकडे यजमानच. मला "अगं", बायकोला "ऐकलं का", आणि घोरपडीला "अहो", "आपण", "बसावं". काकू म्हणायच्या, "लग्नात यांनी माझं नाव घेतलं होतं तेवढंच. आणि त्या प्राण्याला बघ, रोज अहोजाहो." काकूंनी त्या जिवाला कधी यजमान म्हटलं नाही. त्या त्याला "ते" म्हणत.

गुरुजी उंच, काटक, सत्तरीच्या पुढचे. धोतर नेसून जुनी स्कूटर चालवायचे आणि हेल्मेटखालून शेंडी बाहेर यायची. त्यांचं खरं वेड म्हणजे स्वच्छता. दुधाची पिशवी साबणाने धुऊन मग कापायची. फाटकाची कडी रोज चिंचेने घासायची. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवीही आठवड्याला धुवायची. यजमानांच्या खोलीत तर त्यांनी जमिनीला आणि भिंतींना पुरुषभर उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स बसवून घेतल्या होत्या. आम्हा भाडेकरूंना साधी शहाबादी फरशी, तीही दोन ठिकाणी उचकटलेली. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुला चपला आहेत."

पहाटे अंघोळ झाली की ते आधी त्या खोलीची फरशी पुसत आणि मग देवपूजेला बसत. दुपारी परत पुसत, संध्याकाळी परत. "आधी फरशी, मग देव" हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. काकू पुटपुटत, "आणि मग बायको, वेळ उरला तर."

ही घोरपड त्यांच्याकडे आली तीच दक्षिणा म्हणून. माझ्या आधीची ही गोष्ट, पण गुरुजींनी आणि काकूंनी वेगवेगळी सांगितल्यामुळे मला दोन्ही बाजूंनी पाठ आहे. दिंडोरीकडे एका बागायतदाराने नवं घर बांधलं, वास्तुशांतीला गुरुजींना बोलावलं. विधी आटोपून ते हात धुवायला मागे गेले तर द्राक्षबागेतल्या मजुरांनी एक घोरपड धरून, पाय पाठीवर बांधून, खांबाला लटकवलेली. लहानच होती, हातभर. एक पाय मोडलेला.

बागायतदार ओशाळला. म्हणाला, "गुरुजी, तुमी तिकडं नका बघू. पोरं हायेत, करत्यात रस्सा. बागंत लय झाल्या त्या."

गुरुजी म्हणाले, "दक्षिणा राहिलीय माझी."

"देतो ना. पाकीट तयार हाय."

"पाकीट राहू द्या. हे द्या."

वास्तुशांतीच्या दिवशी ब्राह्मणाने मागितलेली दक्षिणा नाही म्हणायची कुणाची छाती? मजुरांचा रस्सा गेला, आणि गुरुजी पूजेच्या पिशवीत घोरपड घालून स्कूटरवरून घरी आले. इथवर गुरुजींची गोष्ट. काकूंची गोष्ट पुढे सुरू होते. त्यांनी नेहमीप्रमाणे पिशवी ओतली, तांदूळ आणि सुपाऱ्या वेगळ्या करायला.

पाय बरा झाला की सोडून देऊ, असं ठरलं होतं. पाय बरा झाला. मग गुरुजी म्हणाले, आता पावसाळा आहे. मग म्हणाले, थंडीचं नको. मग म्हणाले, सोडायचं कुठे, जिथे सोडू तिथे कुणीतरी रस्सा करणार. ते खोटं नव्हतं. माझ्या आजोबांच्या गुडघ्याला घोरपडीचं तेल लावताना मी स्वतः पाहिलेलं आहे. पण खरं कारण मला पहिल्याच महिन्यात कळलं. गुरुजी खोलीत नुसते स्टूल टाकून बसत, घोरपड त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडे, आणि तासभर दोघांपैकी कुणीही हलत नसे. त्यांना ती सोडायची नव्हती. कायद्याने वाघाइतकंच संरक्षण असलेला प्राणी घरात ठेवला तर तुरुंगवास होऊ शकतो, हे त्यांना ठाऊक होतं. मीच मोबाइलवर वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, "वाघ ठेवला असता तर आवाज तरी झाला असता."

गल्लीला अर्थात ठाऊक होतं. गच्चीच्या कठड्याला काकूंची जुनी पातळं बांधून आडोसा केलेला असे, आणि सकाळच्या उन्हात यजमान तिथे पडलेले असत. कमरेला काकूंच्या परकराची नाडी, नाडीचं दुसरं टोक गुरुजींच्या मनगटाला. नांदेडकडच्या एका यात्रेकरूने चुकून गच्चीत पाऊल टाकलं आणि "मगर, मगर" करत तो उपरणं टाकून खाली पळाला. बाकी जो येई तो एकच विचारी: हिच्या शेपटीला दोर बांधून गडावर चढतात, ते खरं का हो? गुरुजींना या प्रश्नाचा भयंकर राग. ते नाडी हलवून दाखवत. यजमान ढिम्म. "हे पाहा. दोर बांधला की हे बसून राहतात. गड काय, ही पायरी चढत नाहीत."

त्यांचा दुसरा राग पूजासाहित्याच्या दुकानांवर. देवळाकडे जाणाऱ्या गल्लीतल्या एका दुकानात हत्ताजोडी मिळत असे. दोन हात जोडल्यासारखं दिसणारं वाळकं मूळ, तिजोरीत ठेवलं की बरकत येते म्हणतात, शेंदूर लावलेल्या डबीत मिळतं. गुरुजी भर गर्दीत दुकानासमोर उभे राहत आणि गिऱ्हाइकाला खणखणीत आवाजात सांगत, "बाई, हे मूळ नाही. हे नर घोरपडीचं लिंग आहे. मारून, कापून, वाळवलेलं. देव्हाऱ्यात ठेवणार आहात का तिजोरीत, ते सांगा, म्हणजे मी त्याप्रमाणे मंत्र सांगतो." बाई डबी टाकून चालत्या होत. मंत्र म्हणायचा आवाज तो, पार गल्लीच्या टोकापर्यंत जाई. दुकानदार हात जोडून म्हणे, "गुरुजी, पोटावर पाय देऊ नका." गुरुजी म्हणत, "तू कुणाच्या पोटाखाली सुरी चालवलीस ते आधी बघ." शेवटी त्याने तो माल ठेवणंच बंद केलं. निदान समोर तरी.

एवढं सगळं सांगायचं कारण, नर घोरपड म्हणजे काय हे ज्याने आख्ख्या गल्लीला शिकवलं, त्याने घरातल्या यजमानांना एकदाही उलटं करून पाहिलं नव्हतं. एवढा भारदस्त जीव, एवढा शांत, एवढा रुबाबदार. तो पुरुषच असणार, असं त्यांनी धरून टाकलं होतं. मीही धरलं. गुरुजी इतक्या अदबीने "अहो" म्हणत की शंका यायला जागाच नव्हती.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे यजमानांचा चातुर्मास. एकादशीला अंडं मिळत नसे, तो गुरुजींचा नियम. पण चातुर्मास यजमान स्वतःच्या मनाने पाळत. आषाढ सरत आला की त्यांचं खाणं कमी होई, श्रावणात जवळजवळ बंद. ताटलीतलं अंडं हुंगून सोडून देत. शिवाय दिवसभर भिंतीच्या कडेकडेने फिरत, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आणि कोपऱ्यात थांबून पुढच्या पायांनी टाइल खरवडत. गुरुजी सांगत, "प्रदक्षिणा चालू आहेत." भाद्रपदात गणपती गेले की एके दिवशी पाण्याच्या टबात काहीतरी पिवळट चिकट दिसे, आणि दुसऱ्या दिवसापासून यजमान परत जेवू लागत. ते पिवळं म्हणजे पित्त, असं गुरुजींचं निदान. उपासाने पित्त पडतंच.

ते हे अभिमानाने सांगत. यात्रेकरूंना सांगत, वाण्याला सांगत. "वर्षभर अंडी खाणारा जीव श्रावणात आपण होऊन अन्न टाकतो. आणि आपण? साबुदाण्याच्या खिचडीवर दाण्याचं कूट किती, याची चर्चा करतो." दोन-तीन बायका दाराच्या फटीतून नमस्कार करून जात. एकीने बेलाचं पान आत सरकवलं होतं. यजमान उपाशी असताना आपण कसं जेवायचं म्हणून गुरुजीही एकभुक्त राहत. एरवीच काटक, श्रावणात तर पार चिपाड होत.

काकू एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "प्रदक्षिणा कसल्या? माती शोधतंय ते. मांजर नाही का फरशी उकरत? एक घमेलं माती आणून टाका कोपऱ्यात."

"माती आली की किडे आले. किडे आले की रोग आले," गुरुजी म्हणाले.

"अंगणात सोडा मग घटकाभर."

"चिखलात?" गुरुजींनी असा चेहरा केला की काकूंनी भाजी निवडायला घेतली.

मी तिथे राहत असतानाचा दुसरा श्रावण गेला, गणपती गेले, आणि यजमान जेवेनात. टबात पिवळं काही पडलं नाही. पितृपक्ष लागला. उपाध्याय घराण्याचा तो हंगाम, खालच्या खोल्या भरलेल्या, आणि गुरुजी एक विधी उरकला की ओल्या धोतराने धावत घरी येऊन आधी ती खोली उघडत. यजमान आता फिरतही नव्हते. कोपऱ्यात पडून राहत आणि मधूनच उठून टाइल खरवडत. नखं झिजून पांढऱ्या टाइलवर रक्ताच्या बारीक रेघा उठल्या होत्या. गुरुजी त्या पुसत. परत उठत, परत पुसत.

शनिवारी अंबडला सुट्टी असते. मी खोलीत जाऊन बसले. मी कंपनीत तपासणी विभागात काम करते, दिवसभर तयार माल हातात घेऊन कुठे काय बिघडलंय ते बघायचं. सवयीने बघत होते. पाय वाळले होते, शेपटीचा बुंधा बसला होता, डोळे खोल गेले होते. पण पोट टम्म.

मी म्हटलं, "गुरुजी, उपास करणारा वाळतो. यांचं पोट वाढतंय."

मोबाइलवर मी फोटो काढले तेव्हा त्यांनी अडवलं नाही, आणि तेव्हा मला कळलं की ते किती घाबरलेत.

कंपनीतल्या पहारेकऱ्याच्या कुत्र्याला बरं करणारी एक डॉक्टरबाई माझ्या ओळखीची होती. तिला फोटो पाठवले. कुणाचे, कुठले, काही लिहिलं नाही. पाच मिनिटांत तिचा फोन आला. मी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"कुणाकडे आहे ते मला सांगू नकोस," ती म्हणाली. "मादी आहे, आणि पोटात अंडी आहेत असं दिसतंय. अडकलीत. नराशिवायही धरतात, फोल असतात ती. जमीन उकरून अंडी घालायची यांची रीत. उकरायला माती नसेल तर धरून ठेवतात. ऑपरेशन लागेल, आणि वनखात्याला कळवल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

गुरुजींनी फोनकडे वाकून विचारलं, "ऑपरेशन झालं की परत देतील का?"

"नाही आजोबा. परत नाही मिळणार."

"आणि नाही कळवलं तर?"

"मग दोन-चार दिवस."

फोन बंद झाला. खोलीत घोरपड, गुरुजी, मी आणि दारात काकू. काकू म्हणाल्या, "बारा वर्षांनी कळलं, बाई आहे ते. आणि बाई काय मागतेय, ते मी दरवर्षी सांगत होते." त्यांच्या बोलण्यात टोमणा होता, पण तोंडाला पदर लावून त्या आत गेल्या.

गुरुजींनी फडकं घेतलं आणि फरशी पुसायला लागले. फरशी स्वच्छच होती. पूर्ण खोली पुसली, फडकं पिळून वाळत टाकलं, हात धुतले आणि मला म्हणाले, "लाव फोन."

काकू आणि मी दोघींनी त्यांना बजावलं. आज सकाळी अंगणात सापडली म्हणा. कुणी काही विचारणार नाही, जीवही वाचेल आणि तुम्हीही. या वयात कोर्टाच्या पायऱ्या नकोत. वनखात्याला फोन लागल्यावर गुरुजी मंत्र म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाले, "आमच्याकडे एक घोरपड आहे. बाळंतपण अडलंय. लवकर या."

तासाभरात एक वनरक्षक जाळीचा खोका घेऊन आला. पेठ तालुक्यातला, चाळिशीचा माणूस. टाइल्सची खोली, ताटली, टब, लाल दोऱ्याचा चिमटा, सगळं त्याने एका नजरेत पाहिलं. गुरुजींच्या अंगावरचं ओलं धोतर पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बाबा, सकाळी आंगणात आली म्हणायची. अशाच येतात त्या, गंगेच्या कडंनं. आमाला बी सोपं, तुमाला बी." एवढा भला माणूस सरकारी नोकरीत आहे, याचं मला फार बरं वाटलं.

गुरुजींनी घोरपड स्वतः उचलून खोक्यात ठेवली. ठेवताना म्हणाले, "सांभाळून बसावं बाई." बारा वर्षांत पहिल्यांदा "अहो" जाऊन "बाई" आलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईने तिला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, चेहरा गंभीर केला. विचारलं, "किती दिवस खाल्लं नाही हिने?"

मी पटकन म्हटलं, "आम्हाला कसं माहीत? आज सकाळीच सापडली."

डॉक्टरबाईने माझ्याकडे पाहिलं. फोटो तिच्या फोनमध्येच होते, पण वनरक्षक शेजारी उभा होता, म्हणून ती तेवढंच म्हणाली, "मग अवघड आहे. किती दिवस उपाशी, आधी असं झालंय का, खाण्यात काय होतं, काहीच माहीत नसेल तर भूल अंदाजाने द्यावी लागेल. या अवस्थेत अंदाज चुकला तर ती उठणार नाही."

वनरक्षकाने टोपी काढून डोकं खाजवलं. मी गुरुजींची बाही ओढली. त्यांनी बाही सोडवून घेतली.

"लिहून घ्या," ते म्हणाले. आणि संकल्प सांगावा तसं, क्रमाने, एकही गोष्ट न गाळता सांगू लागले. माझ्याकडे एक तप आहे. दिंडोरीहून मीच आणली, तेव्हा हातभर होती. डावा पाय मोडलेला, मी बांबूची कामटी बांधून बसवला. अन्न अंडी, पिंजऱ्यातले उंदीर, झुरळं. जमीन टाइलची. माती बारा वर्षांत नाही. यंदा आषाढ अमावास्येपासून अन्न नाही. दरवर्षी श्रावणात असंच होई. भाद्रपदात टबात पिवळं पडे, ते अंडंच असणार, मी पित्त समजलो. यंदा ते पडलं नाही. नखांतून रक्त येतंय, तेही मी पुसत राहिलो. मला कळलं नाही. माझ्या बायकोला कळलं होतं.

डॉक्टरबाई लिहीत होती. वनरक्षक गुरुजींकडे बघत राहिला. सगळं झाल्यावर म्हणाला, "बाबा, आता मला पण लिवावं लागंल."

"लिहा ना," गुरुजी म्हणाले. "तुमचं कर्तव्य आहे. पण आधी तिला भूल देऊ द्या."

ऑपरेशन दुपारभर चाललं. गुरुजी बाहेर बाकावर पाठ ताठ ठेवून बसले होते, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. डॉक्टरबाई बाहेर आली आणि म्हणाली, जगेल. मग त्यांना आत नेऊन ट्रे दाखवला. ट्रेभर अंडी. पांढरी, लांबट, काही एकमेकांना चिकटलेली. ज्या माणसाने जन्मात अंड्याला बोट लावलं नव्हतं, त्याने हात पुढे केला आणि एका अंड्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग रडले. मोठ्याने नाही, पण लपवलंही नाही.

घरी आल्यावर एक वेगळीच अडचण उभी राहिली. सोयर धरायचं की सुतक, हे गुरुजींना ठरवता येईना. गावाला तिथी आणि अशौच सांगणारा माणूस, पण याचं उत्तर त्यांना कुठल्या पोथीत मिळालं नाही. शेवटी दहा दिवस ते देवाला शिवलेच नाहीत. पूजा काकूंनी केली. पितृपक्षातले उरलेले विधी त्यांनी दुसऱ्या गुरुजींकडे सोपवले. ते दहा दिवस ते अंगणात बसून होते, चिखलात पाय सोडून.

केस झाली. जामीन झाला. तारखा पडतात, गुरुजी हेल्मेट घालून स्कूटरवरून कोर्टात जातात, वकिलाने शिकवलेलं काहीच बोलत नाहीत आणि परत येतात. गल्लीतले लोक म्हणतात, म्हाताऱ्याला विकतचं दुखणं घ्यायची हौस. पूजासाहित्यवाल्याने तर पेढे वाटले म्हणे. घोरपड बरी झाली आणि थंडी पडायच्या आत तिला सोडलं, असं वनरक्षक स्वतः येऊन सांगून गेला. कुठे सोडली ते सांगत नाहीत. गुरुजींनीही विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे माती कशी आहे?"

"लाल हाय बाबा. मऊ. वारूळं बी हायेत."

"बरं," गुरुजी म्हणाले, आणि त्याला चहा दिला.

पुढे मी चाकणला नोकरी घेतली आणि पंचवटीतली खोली सुटली. मध्यंतरी गावी जाताना वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेले. काकू थकल्या होत्या, पण जीभ शाबूत होती. मी म्हटलं, गुरुजी कुठे आहेत? म्हणाल्या, "कुठे असणार? मागे. बघ जाऊन, काय करून ठेवलंय ते. मी म्हटलं, निदान त्यात आलं-हळद तरी लावू या, तर नाही म्हणतात."

गुरुजी मला खोलीपाशी घेऊन गेले. कडी काढली. दार वीतभर उघडलं, फटीत पाऊल आडवं घातलं आणि आडव्या अंगाने आत सरकले. मीही मागोमाग तशीच सरकले. आत टाइल्स नव्हत्या. सगळ्या उखडून काढलेल्या, खालचं काँक्रीटसुद्धा फोडलेलं, आणि गुडघाभर खोल खणून लाल माती भरलेली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. वर पाणी शिंपडलेलं. बाकी खोली रिकामी होती.

गुरुजी वाकले आणि कोपरापर्यंत हात मातीत घातला. हात बाहेर काढून झटकला, धुवायला गेले नाहीत.

"एवढी पुरली असती का गं?" त्यांनी विचारलं.

मीही हात घालून पाहिला. माती मऊ होती, खालपर्यंत ओली.

"पुरली असती," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मग आम्ही एकामागून एक आडव्या अंगाने बाहेर आलो, आणि गुरुजींनी खाली वाकून बघत, पाऊल फटीत ठेवून, जपून दार लावून घेतलं.